गोव्यानंतर मुंबई फुल: पोहणं-सायकल किती ठेवायची, किती सोडायची?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. गोव्याची ७०.३ ट्रायथलॉन (पोहणं १.९, सायकल ९०, पळणं २१.१ किमी) आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई फुल (पूर्ण मॅरेथॉन), अशी जोडी ठरवली आहे. गोव्याची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, पण मध्ये दहा आठवडे मिळतील असं धरा. फुल पहिलीच. मार्चपासून परत ऑलिंपिक अंतराची (१.५/४०/१०) तयारी सुरू करायची आहे, त्यामुळे पोहणं-सायकल पार मोडीत काढायची नाही.

सध्याचा हिशोब: नुसती हाफ मॅरेथॉन १:५५, आठवड्याला पळणं ३० किमी, सायकल १५०, पोहणं ५-६ किमी. वजन ६५ किलो. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तासांच्या वर वेळ निघत नाही.

प्रश्न असे: आठवडा कसा लावायचा? लाँग रन किती लांब? मुंबई सपाट आहे, मग साताऱ्याचा यवतेश्वर घाट ठेवायचा की सोडायचा? आणि पोहण्याचं किमान किती केलं तर मार्चमध्ये परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही?

लांबपल्ला

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की तुमची अडचण दमाची नाही, पायांची आहे. पोहणं आणि सायकल यांनी हृदय-फुप्फुसं इतकी तयार असतात की २५ किमीलाही धाप लागत नाही, आणि घात तिथंच होतो. दम आहे म्हणून माणूस ३० किमीच्या आठवड्यावरून थेट ६० वर उडी मारतो. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि कंडरा यांना महिने लागतात. इंजिन ट्रकचं आणि चासी लुनाची, अशी गत. डिसेंबरात नडगी चोळत बसलेले ट्रायथलीट बघा, बहुतेक याच रस्त्यानं आलेले असतात.

दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात लोकांना दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सराव दिला आणि मग पुढचे १५ आठवडे तो कमी केला. सहाचे चार किंवा दोनच दिवस केले, तरी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकली. वेळ ४० वरून २६ किंवा १३ मिनिटांवर आणला, तरीही टिकली. तीव्रता मात्र एक-तृतीयांशानं कमी केली तेव्हा घसरली. म्हणजे सायकल आणि पोहण्याचे तास निम्म्याखाली आणा, पण त्यातला जोराचा भाग काढू नका. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. तास तेवढेच ठेवतात आणि सगळं मंद करून टाकतात. त्यानं पळण्याला विश्रांतीही मिळत नाही आणि सायकलही टिकत नाही.

आता आठवडा. सोमवार सुट्टी. मंगळवारी पळण्याचा जोराचा दिवस, एकूण १०-१२ किमी: सुरुवातीच्या आठवड्यांत ५ × १ किमी ५:१५-५:२० नं, मध्ये दीड मिनिट हळू, पाचव्या आठवड्यापासून २ × ५ किमी मॅरेथॉनच्या वेगानं. त्याच संध्याकाळी २५ मिनिटं ताकदीचे व्यायाम, म्हणजे बुधवारचे पाय त्यातून मोकळे राहतात. बुधवारी पोहणं. गुरुवारी सकाळी सायकलचा जोराचा तास-सव्वातास. शुक्रवारी १० किमी अगदी गप्पा मारत, आणि जमलं तर संध्याकाळी दुसरं पोहणं. शनिवारी सव्वा-दीड तास हलकी सायकल आणि उतरल्या उतरल्या ४-५ किमी पळणं. रविवारी लाँग रन. असा आठवडा साधारण दहा तासांत भरतो.

गोव्यानंतरचा पहिला आठवडा पळणं शून्य. दुसऱ्यात ३०-४५ मिनिटांचे तीन रन. मग रविवारचे आकडे असे: १८, २२, २६, मग मुद्दाम उतरून १८, मग ३०, मग २४ (त्यातले शेवटचे १२ मॅरेथॉनच्या वेगानं), मग १५, आणि दहाव्या रविवारी स्पर्धा.

वेगाचं सांगतो. रीगलच्या सूत्रानं (हाफची वेळ गुणिले २ चा १.०६ वा घात) १:५५ चे ४:०० होतात. पण ज्यांचं आठवड्याचं पळणं कमी आहे त्यांना हे सूत्र नेहमी गोड आकडा देतं. ४:१० धरा, म्हणजे किलोमीटरला ५:५५. लाँग रन ६:३०-६:४५ नं. घड्याळाकडे बघून ५:५० नं लाँग रन मारलात तर ती दर रविवारी छोटी स्पर्धाच झाली.

माहुलीचा वारा

बाकी सहमत, पण पहिल्या फुलला एकच ३० पुरेसा वाटत नाही. निदान दोनदा ३२ व्हायला हवेत. शेवटचे दहा किमी काय असतात हे डोक्याला कळणार कसं?

लांबपल्ला

६:३० नं ३२ म्हणजे ३:२८. तीन तास पळणाऱ्याचा ३२ आणि साडेतीन तास पळणाऱ्याचा ३२ यांत पायांवरचा मार सारखा नसतो. तीन-सव्वातीन तासांच्या पुढे पदरात पडणारा फायदा थोडा, आणि सावरायला दीड आठवडा जातो. दहा आठवड्यांत असे दोन दीड आठवडे घालवले तर उरलं काय? शिवाय अडीच तासांनंतर दमलेल्या पायांची ठेवण बिघडते, टाच ओढत पळणं सुरू होतं, आणि नेमक्या त्या किलोमीटरांत कंडरा दुखावतात.

ट्रायथलीटकडे दुसरा मार्ग आहे जो नुसत्या धावपटूकडे नाही. २६ च्या आठवड्यात शनिवारी सायकल दोन तास करा, शेवटची २० मिनिटं जरा जोरात, आणि रविवारी २४-२६ पळा. पाय आधीच अर्धे रिकामे असतात, म्हणून शेवटच्या तासाची चव २६ मध्येच कळते आणि हाडांवरचे सहा किमी वाचतात. अट एकच: शनिवारी रात्री नीट जेवायचं. उपाशी साठ्यावर केलात तर सराव होत नाही, नुसती आजारपणाला वाट मिळते. आणि हा प्रकार लागोपाठच्या आठवड्यांत करू नका.

माहुलीचा वारा

३० चा रविवार स्पर्धेच्या तीन आठवडे आधी आणि दुसरा २८ चा, इथं तडजोड होईल का? म्हणजे २४ च्या जागी २८?

लांबपल्ला

आधीच्या रविवारचा ३० बिनदुखण्याचा गेला आणि मंगळवारी जिना उतरताना मांड्या बोलल्या नाहीत, तर होऊ द्या. बोलल्या तर २४ च. एक तपासणी आणखी: लाँग रनच्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्यात वेग सारखा ठेवून हृदयगती पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढत असेल (१४० ची १४९-१५०), तर अंतर वाढवण्याची वेळ अजून आलेली नाही. मात्र ही तुलना उन्हं वर आल्यावर करू नका, उष्णतेनंच गती चढते.

घाटवाट

यवतेश्वराबद्दल. मुंबई सपाट म्हणून घाट सोडणार असाल तर हातची गोष्ट टाकून देताय. सगळे चढाचं कौतुक करतात, पण मॅरेथॉनला उतार कामाचा.

कारण असं. पेडल दाबताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. पळताना पाऊल टेकलं की तोच स्नायू उलट ताणला जात असताना शरीराला आवर घालतो. स्नायूचे तंतू फाटतात ते या ताणाखालच्या आवरण्यात. सायकलवर हा प्रकार जवळजवळ नसतोच, पोहण्यात तर नाहीच. म्हणून सायकलवाल्याच्या मांड्या दिसायला पिळदार आणि ३२ व्या किलोमीटरला गुडघा वाकवणं नको होतं. उतारावर हे आवरणं सपाटीपेक्षा खूप जास्त लागतं. एकदा थोडा उतार मारला की एक-दोन दिवस मांड्या दुखतात, पण त्यानंतर काही आठवडे तोच स्नायू तशा माराला कमी दाद देतो. औषधाचा डोस थोडा आणि असर लांब, असा दुसरा व्यायाम माझ्या माहितीत नाही.

पण डोस थोडाच. समर्थ मंदिराकडून वर जाताना अगदी हळू, हृदयगती वर गेली तर चाला, लाजायचं कारण नाही. खाली येताना पहिल्या वेळी फक्त २ किमी पळत, उरलेलं चालत. दहा-बारा दिवसांनी ३, मग ४, मग पूर्ण घाट. असे तीन-चार वेळा बास. शेवटचा उतार स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी. ज्या आठवड्यात उतार, त्या आठवड्यात मंगळवारचे १ किमीचे तुकडे नाहीत. उतार हाच जोराचा दिवस.

तंत्र: पावलं छोटी, केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के जास्त (१६५ असेल तर १७५ च्या आसपास), पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पुढं नाही. मागं रेलून टाचेवर ब्रेक मारत उतरलात की गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं आलंच. कार्बन प्लेटचे बूट घालून उतरू नका. त्यांचा तळ उंच आणि मऊ, वळणावर घोटा मुरगळतो.

आणि शनिवार-रविवार कासच्या गाड्या असतात. घाट मधल्या वारी, उजाडता उजाडता. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला शेवाळ बरेच दिवस टिकतं, सावलीच्या वळणांवर डांबराच्या मध्याकडे राहा, पाठीला लाल लुकलुकता दिवा लावून.

शाहूपुरी एक्सप्रेस

सातारा हिल हाफ जमते म्हणजे पायांची तयारी झालीच की. तिथं घाट चढून उतरतोच आपण.

घाटवाट

ती पावसाळ्यात. जानेवारीपर्यंत त्या उताराची पुण्याई उरत नाही. शिवाय तिथं अर्धा वेळ चढात जातो, चढावर पावलाचा आघात कमी. मुंबईत चार तास एकाच ठेक्यात तेच पाऊल तसंच पडत राहतं. डांबर, काँक्रीट, पूल. म्हणून शुक्रवारचे १० किमी सपाटीवर ठेवा.

वल्हव

पोहणं आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी १८००-२००० मीटर. एकच जमलं तर एक, पण शून्याचा आठवडा करू नका. पाण्याची पकड अंगातून फार लवकर जाते. दम राहतो, हात मात्र पाण्यातून नुसते घसरायला लागतात.

आधी स्वतःचा टिकाऊ वेग काढा. ४०० मीटर जोरात, नीट विश्रांती, मग २०० मीटर जोरात. दोन वेळांची वजाबाकी, भागिले दोन, म्हणजे १०० मीटरचा वेग. उदाहरणार्थ ४०० ला ८:२०, २०० ला ४:००. फरक २६० सेकंद, निम्मे १३०, म्हणजे १०० मीटरला २:१०. बुधवारी ४०० गरम होण्यासाठी, मग १० × १०० त्या वेगानं, मध्ये १५ सेकंद, मग ४०० सुटं. शेवटचे तीन शंभर पाच सेकंदांनी मागं पडले तर वेग चुकीचा काढलाय. शुक्रवारी ५ × २०० पायांमध्ये पुल बॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरून, पायांना सुट्टी.

लाँग रननंतर चोवीस तास किकचे सेट (नुसते पाय मारत पोहणं) आणि फिन्स (पायात घालायचे पंख) नकोत. दमलेली पोटरी पायाची बोटं ताणलेल्या अवस्थेत जोर लावायला गेली की गोळा येतो, विशेषतः भिंतीला रेटा देताना. तसं झालं तर भिंतीला हलकेच ढकला आणि वळणानंतरचं लांब घसरणं टाळा.

थंडीत उघडे तलाव गार असतात, काही ठिकाणी बंदही. अशा वेळी दाराच्या कडीला रबरी दोरी बांधून पुढं वाकून ओढ मारायची, ६ × २ मिनिटं, मध्ये एक मिनिट. पोहण्याची जागा ती घेत नाही, पण खांदे जागे राहतात. मोकळ्या पाण्याची हौस म्हणून कासच्या तलावाकडे बघू नका, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. कण्हेर, उरमोडीच्या जलाशयात होडी आणि परवानगी नसताना उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. वाहत्या कालव्याचं तर नावच काढू नका, काठ घसरडे, बाहेर यायला धरायला काही नसतं.

पेडलमास्तर

सायकलचा जोराचा तास घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) करा. रस्त्यावर तेवढ्याच कामाला दोन तास जातात. १५ मिनिटं गरम होणं, ३ × १२ मिनिटं एफटीपीच्या (साधारण तासभर टिकणारी कमाल ताकद, वॅट्समध्ये) ८८-९२ टक्क्यांवर, मध्ये ४ मिनिटं सुटं, मग १० मिनिटं हळू. समोर पंखा लावाच, नाहीतर घामानं हृदयगती चढते आणि वॅट्स पडतात. केडन्स (इथं मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ८५-९५. मोठ्या गिअरवर ६० च्या केडन्सनं ताकद कमावायची हुक्की या दहा आठवड्यांत नको, गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि बिल पळण्याच्या नावावर फाटतं.

ग्रुप राइडला राम राम. नाव 'इझी' असतं, पहिल्या चढाला सगळ्यांच्या अंगात येतं. शनिवारची हलकी सायकल बिघडली की रविवारचा लाँग रन गेलाच.

हृदयगतीचे झोन सायकलवरून उचलून पळण्याला लावू नका. पळताना तेवढ्याच कष्टाला गती बहुतेकांची पाच ते दहा ठोक्यांनी जास्त असते. सायकलचे झोन लावलेत तर पळणं उगाच रांगतं, उलटं केलंत तर हलकी राइड हलकी राहत नाही. पळण्याची वेगळी चाचणी करा: ३० मिनिटं एकट्यानं, टिकेल तेवढं जोरात, त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती हा उंबरठा. एक बारकावा: एअरो बारवर (हँडलवरचे पुढं वाकून कोपर टेकायचे दांडे) तासभर वाकून बसल्यावर खुब्याचा पुढचा स्नायू आखडतो, मग पळताना पाय मागं जात नाही आणि कंबर भरते. तोवर गोवा झालेलंच असेल, एअरो बार डिसेंबरभर उतरवून ठेवा.

फिजिओ कराड

तीन दुखणी या जोडीत हमखास दिसतात, ती वेगळी ओळखायला शिका.

नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर लांब दुखणं, गरम झाल्यावर कमी होणं: हे ओव्हरयूज, म्हणजे अतिवापराचं दुखणं. आठवड्याचं पळणं एक-तृतीयांशानं कमी, बूट तपासा, पोटरीचे व्यायाम वाढवा. मात्र एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, पळत राहिल्यावर वाढते, रात्रीही ठणकते, त्या पायावर उडी मारवत नाही: पळणं त्याच दिवशी बंद, अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. हाडाच्या ताणाची भेग पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत न दिसणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून 'एक्स-रे क्लिअर' म्हणून पळायला जाऊ नका. एमआरआय लागतो.

टाचेच्या वरची कंडरा सकाळी पहिल्या पावलाला ताठ आणि चालल्यावर सैल: इथं पूर्ण आराम उपयोगाचा नाही, भार हवा. जिन्याच्या पायरीवर एका पायानं टाच सावकाश खाली, ३ × १५, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नसावं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठरावीक अंतरानंतर सुरू होणारी कळ हे तिसरं. त्याचं एक कारण रस्त्याचा उतरता काठ. वाहनांना तोंड करून उजव्या कडेनं पळणं सुरक्षित, पण उजवा पाय कायम खालच्या बाजूला पडतो. म्हणून हलक्या रनांपैकी एक मैदानावर, दर दहा मिनिटांनी दिशा बदलत.

ताकदीच्या २५ मिनिटांत चार गोष्टी पुरतात: एक पाय पुढं, एक मागं ठेवून बैठका ३ × ८, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) ३ × ६, पायरीवरून एका पायानं हळू उतरणं ३ × १०, आणि बसून पोटरी उचलणं (मांडीवर वजन ठेवून) ३ × १५. शेवटचं कंटाळवाणं आहे म्हणून सगळे गाळतात. पळताना सगळ्यात जास्त भार घेणारा पोटरीचा खोल स्नायू गुडघा वाकलेला असतानाच नीट तयार होतो.

हलक्या वेगालाही धाप लागायला लागली, झोप पुरूनही पाय जड, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा) तपासा. पाळी येणाऱ्या मुली-बायका आणि शाकाहारी यांनी तर सुरुवातीलाच. हिमोग्लोबिन ठीक आणि साठा रिकामा, असं सर्रास असतं. जेवणाला लागून चहा लोहाचं शोषण कमी करतो, तासभर अंतर ठेवा. गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

ऊसकरी

रस्त्यांचं बोलतो. नोव्हेंबर ते जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. कोरेगाव रस्ता असो की लिंब, गोवे या गावांकडचे रस्ते, पहाटे उसाच्या डबल ट्रॉल्या असतात आणि मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी तोंडावर बसते. ट्रॅक्टर दिसला की साईडपट्टीवर उतरून थांबा, ओव्हरटेक करणारा मागून येतोच. सांडलेल्या पाचटावर आणि चिखलावर सायकलचं चाक आणि बूट दोन्ही सरकतात. हायवेचा सर्व्हिस रोड लाँग रनला घेऊ नका, उलट्या दिशेनं येणारी दुचाकी अंधारात कळत नाही. ५ किमीचा गावरस्ता निवडून त्यावरच फेऱ्या घाला. पाणी एका जागी ठेवता येतं आणि काही बिनसलं तर घर लांब नसतं.

गोडोलीकर

सगळ्यांचे आभार, हे छापून भिंतीवर लावतो. खाण्याचं कुणी सांगेल का? गोव्यात सायकलवर राजगिरा लाडू आणि केळी चालतात, पळताना तेच पोटात डचमळतं. आणि एखादा आठवडा पूर्ण बुडाला तर?

कंदीपेढा

डचमळणारच. पळताना पोट हलतं आणि आतड्यांकडचं रक्त कमी होतं, घन पदार्थ तिथंच बसून राहतो. सायकलवर ताशी ८० ग्रॅम कर्बोदकं पचवणारा पळताना ५० ला अडखळतो. त्यामुळे पळण्याचं खाणं वेगळं शिकवावं लागतं: १८ च्या लाँग रनला ताशी ३० ग्रॅम, मग दर वेळी ८-१० नं वाढवत स्पर्धेपर्यंत ५०-६०. ४:१० साठी एकूण दोनशे-अडीचशे ग्रॅम. बहुतेक एनर्जी जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतात, पाकिटावर वाचा.

घरचं पाणी: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ (सपाट चहाच्या चमच्याचा पाव भाग), लिंबू चवीपुरतं. त्यातून साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर वजनकाट्यावर मोजा. साखर अंदाजे टाकून १०० ग्रॅमवर गेलात की ते पाणी पोटातून लवकर पुढं सरकत नाही आणि मळमळतं. साखरेत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज असतं, दोन्ही वेगळ्या वाटेनं शोषली जातात, म्हणून ताशी ६० च्या वर जायचं असेल तर नुसत्या ग्लुकोज पावडरीपेक्षा बरी. ओआरएसला इंधन समजू नका. लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं, ते जुलाबासाठी बनवलेलं आहे.

शेवटचे दोन दिवस किलोमागं ८-१० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तुम्हाला ५२० च्या वर. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ च येतात, तेव्हा नुसत्या भातानं भागत नाही. मऊ भात, पोहे, बटाटा, केळी, गूळ-पोळी, सरबत असं दिवसभर विभागून. भाकरी, उसळ, मिसळ आणि कच्च्या कोशिंबिरी त्या दोन दिवसांत बंद. चोथा आतड्यात राहिला की तो पहाटे स्टार्टलाईनवर हिशोब मागतो. वजन किलो-दीड किलो वाढेल, ते साठ्याबरोबरचं पाणी आहे, घाबरायचं नाही.

लांबपल्ला

बुडालेला आठवडा बुडाला. त्याचे किलोमीटर पुढच्या आठवड्यात टाकायचे नाहीत. तापानं बुडाला असेल तर ताप उतरून दोन दिवस गेल्यावर आधी पोहणं, मग सायकल, शेवटी पळणं. ३० चा रविवार हुकला आणि तीन आठवडे उरले नाहीत, तर २६ वर समाधान माना.

टेपर: शेवटचे दोन आठवडे एकूण काम ४० ते ६० टक्क्यांनी कमी, दिवस तेवढेच, जोराचे छोटे तुकडे तसेच. इथं ट्रायथलीट हमखास चुकतो. पळणं कमी झालं की हात शिवशिवतात आणि तो वेळ सायकलनं भरतो. पोहणं १२०० मीटरचं दोनदा, सायकल ४५ मिनिटं, त्यात १-१ मिनिटाचे तीन जोर. शेवटची सायकल बुधवारी. ताकदीचे व्यायाम दहा दिवस आधीच थांबवा.

माहुलीचा वारा

मुंबईच्या दमटपणाचं पण सांगा. डिसेंबरात साताऱ्याच्या पहाटे हात गारठतात, तिथं स्टार्टलाच घाम.

लांबपल्ला

हो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून टेपरमधले हलके रन दुपारी दोन-तीनला करा, ४०-५० मिनिटं, पाणी जवळ. वेग बघू नका. स्पर्धेत पहिले पाच किमी ६:०५ नं, मग ५:५५. सी-लिंकवर मोकळा वारा आणि समुद्र बघून पाय सुटतात, तिथं घड्याळ बघा. पेडर रोडचा चढ परतीला दमलेल्या पायांना भेटतो. त्यावर वेग नाही, कष्ट सारखे ठेवा. मार्ग थोडाफार बदलत असतो, त्या वर्षाचा नकाशा बघून घ्या.

शाहूपुरी एक्सप्रेस

बुटांचं राहिलं. कार्बनवाले घेऊ का पहिल्या फुलला?

फिजिओ कराड

घेतलेत तर दोन लाँग रनचे शेवटचे १०-१२ किमी आणि मॅरेथॉनच्या वेगाचे दोन मंगळवार त्यात काढा, एवढंच. रोज नकोत. पोटरी आणि पावलावर भार वेगळ्या जागी पडतो. नव्या बुटात स्पर्धा नाही, आणि ७००-८०० किमी झालेल्या बुटातही नाही. रोजचे दोन जोड आलटूनपालटून वापरा.

गोडोलीकर

शेवटचा प्रश्न. स्पर्धेनंतर ट्रायथलॉनकडे परत कसं वळायचं?

लांबपल्ला

पहिले दोन दिवस नुसतं चालणं. तिसऱ्या दिवशी पुल बॉय घेऊन २० मिनिटं पोहणं, भिंतीला रेटा न देता. घासलेली कातडी किंवा फुटलेले फोड भरले नसतील तर पाण्यात उतरू नका, तलावातून जंतुसंसर्ग होतो. पाचव्या दिवशी सायकल अर्धा तास, पेडलवर जोर न देता. पळणं दहाव्या दिवसाच्या आधी नाही, आणि तेव्हाही २० मिनिटं गवतावर. पहिले दोन आठवडे पोहण्याला जोर द्या, तिसऱ्यात सायकलचे ३ × १२ परत आणा. एफटीपीची चाचणी चौथ्या आठवड्यात. त्याआधी घेतलीत तर जड पायांवर आलेला खोटा आकडा धरून महिनाभर चुकीच्या वॅट्सवर सायकल मारत बसाल.